स्मृतिचिन्हावरची वाट

आदिनाथने तो कागद तिसऱ्यांदा फिरवून पाहिला, तरी डोंगर काही जागेवर येईना.

केडगावात बक्षिसांचं दुकान चालवण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. या धंद्याची गंमत अशी, की कुस्ती व्हायच्या आधी ढाल तयार लागते. आजही तेच. त्याची लेक धनश्री कॉलेजच्या पोरांबरोबर राजूरकडचा पांढरदेवीचा डोंगर चढायला गेली होती आणि उद्याच्या कार्यक्रमात सोळा जणांना लाकडी स्मृतिचिन्हं द्यायची होती. निघताना तिनं वहीचा कागद त्याच्या हातात कोंबला होता. "अप्पा, आकार तुम्ही ठरवा. पण वाट मी फोटो बघून काढलीय, तश्शीच कोरा."

देवीचं देऊळ डोंगराच्या डाव्या टोकाला, हे आदिनाथने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. तो त्याच पायथ्याशी वाढला होता. कागदावर मात्र देऊळ उजवीकडे होतं. आणि जिच्यावरून सगळी जत्रा वर जाते, ती लोखंडी शिडी तर कुठंच नव्हती. पोरीला चित्रकला कधी आलीच नाही, असं पुटपुटत त्यानं कॉम्प्युटरवर डोंगराची डावी-उजवी बाजू बदलली आणि मशीन सुरू केलं. पहिल्या पाटीवर वाट वर सरकू लागली. एका घळीतून ती एका झाडापाशी आली. पोरीनं तिथं उंबर काढला होता, तोही कड्यातून आडवा वाढलेला.

आदिनाथने झटक्यात मशीन बंद केलं. समोरच्या अंगाला उंबर नव्हताच. पोरीनं डोंगर बरोबर काढला होता, फक्त मागच्या बाजूनं.

एकोणिसाव्या वर्षी तो आणि थोरला भाऊ गोरक्ष त्याच घळीत मध काढायला गेले होते. गोरक्ष उंबरापाशी लोंबकळत होता आणि वर दोर आदिनाथच्या हातात होता. माश्या उठल्या, आदिनाथच्या तोंडावर बसल्या, आणि त्यानं दोर सोडला. पुढं गाव सोडलं. केडगावात लग्न झालं, लेक झाली, तिनं काकाबद्दल विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, शिडीवरून पडून गेला. घळ म्हटली असती तर दोर कुणी धरला होता, हेही सांगावं लागलं असतं. वर तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली, की जन्मात त्या शिडीला हात लावायचा नाही. पोर शब्दाची पक्की निघाली.

तिचा फोन लागेना. मग गावातल्या चुलतीला, गोजरबाईला लावला.

"पोरं मागल्या अंगानं गेली रं," ती म्हणाली. "म्या म्हनलं, शिडी हाय की. तर तुजी पोरगी म्हनली, शिडीनं न्हाई जायचं मला."

आदिनाथ खुर्चीत बसला, उठला, परत बसला. समोरच्या पाटीवर वाट उंबरापाशी तुटली होती. ती तशी ठेवायची त्याला भीती वाटत होती आणि पुढं न्यायचीही. एवढा भित्रा माणूस दोर धरायला गेलाच कशाला, असं त्याचं त्यालाच वाटलं. बारा वाजले, एक वाजला. एक गिऱ्हाईक ढाल मागून मागून कंटाळून निघून गेलं.

दीडला फोन वाजला.

"अप्पा, पोचलो सगळे देवळात." ती धापा टाकत हसत होती. "शिडीला बोटसुद्धा लावलं नाही बरं का. आता भाकरी खातो आणि आल्या वाटेनंच उतरतो."

"शिडीनं उतर."

"तुमच्याच गळ्याची शपथ आहे ना?"

"खोटी हुती ती." इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून गावाकडची बोली आली. "गोरक्ष शिडीवरनं न्हाई पडला. तुज्या त्या उंबराखालीच पडला. दोर माज्या हातात हुता, धना. मी सोडला."

फोन कटला असं वाटून त्यानं दोनदा स्क्रीन पाहिली.

"शिडीनं उतरते," ती शेवटी म्हणाली. 'अप्पा' म्हणाली नाही. "रात्री घरी आले की सगळं सांगा. आईसमोर."

आदिनाथने फोन खाली ठेवला. मग त्यानं कागदावर, देवळापासून खाली, पेन्सिलीनं शिडी काढायला घेतली. रात्र व्हायला पाच-सहा तासच उरले होते.