चंबूतल्या आईचा श्वास

मंगळवारी दुपारी त्या मठात पाय ठेवायला जागा नसायची. देगलूरच्या पलीकडे, मराठीत कानडी आणि तेलंगी दोन्ही कालवलेल्या एका गावातली ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. दोष गावाचा नव्हता. साल फसली तेराशे त्रेपन्न, म्हणजे इसवी एकोणीसशे त्रेचाळीस-चव्वेचाळीस, निजामी राज्याचे शेवटचे दिवस, पण शेवटचे आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

मठाच्या मागच्या भिंतीला, छातीइतक्या उंचीवर, एक तांब्याचा चंबू आडवा बसवलेला होता. बुडाकडून भिंतीत गेलेला, तोंड लोकांकडे, आणि भोवती तीन बोटं जाड शेंदूर. तोंडापुढे निरांजन तेवायचं. या चंबूतून देवी बोलायची.

"बघा हो बघा!" मठाचे मालक गुरुपादप्पा गर्दीपुढे फेऱ्या मारत. "चंबूत पाणी न्हाई, नाणं न्हाई, माणूस तर मावतच न्हाई. तरी आई बोलती! शंकेखोरानं खुशाल हात घालावा. हात झडला तर आमची जिम्मेदारी न्हाई."

हात घालायला अर्थातच कुणी पुढे येत नसे. मग शंख वाजे, आणि चंबूतून बाईचा बारीक, घुमणारा आवाज येई.

"बसलिंगप्पा, तुझी सून माहेराहून यायची न्हाई म्हणून राहिली. पौर्णिमेला येईल."

म्हातारे बसलिंगप्पा जागीच आडवे झाले. सून रुसून गेल्याचं आईला कळलं तरी कसं? गर्दीत बायका रडू लागल्या. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला.

मी हैदराबादच्या एका कॉलेजात संगीत आणि नाट्य शिकत होतो. शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं आपापला विषय निवडून स्वतंत्र मकाला, म्हणजे प्रबंध, लिहायचा असे. पुस्तकातून उतरवायचं नाही, जाऊन बघायचं, ऐकायचं, लिहायचं. माझ्या एका मित्रानं कंधारच्या दर्ग्यातल्या कव्वालांच्या टाळ्या मोजल्या. मी 'देवीचा आवाज' हा विषय घेतला, कारण माझी थोरली बहीण इंदूताई त्याच गावात दिलेली होती. राहायची आणि जेवायची सोय झाली. विद्वत्तेमागं असली कारणं असतात.

इंदूताईचे डोळे त्या वेळी आले होते. देगलूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थेंब दिले होते, रोज तीनदा घाला, आठवड्याला येऊन दाखवा म्हणून बजावलं होतं. थेंब झोंबायचे. शेजारणी म्हणत, "कशाला आगीत डोळे घालून राहिलीस? आईचा अंगारा लाव." ताई हसून टाळायची.

मी तीन मंगळवार पहिल्या रांगेत बसलो. गुरुपादप्पांनी मला खास पाट दिला, दूध दिलं, आरतीची पदं उतरवून घेऊ दिली. तिसऱ्या मंगळवारी ते हळूच म्हणाले, "साहेब, येवढं बघितलंत. दोन ओळी लिहून द्या की कॉलेजच्या कागदावर. तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाचा शब्द लई मोठा."

मी लिहून दिल्या. उर्दूत, झोकात, कॉलेजचं नाव छापलेल्या कागदावर: 'मी तीन वेळा निरीक्षण केलं. चंबूतून आवाज येतो. त्यामागं माणसाची करामत मला आढळली नाही.'

अप्पांनी तो कागद काचेत घालून दारावर लावला. गावात उर्दू चार जणांना येत होती. पण उर्दू ही कचेरीची भाषा, त्यावर छापील नाव. बघणाऱ्याला तो सरकारी हुकूमच वाटायचा. ज्यांना वाचता येई ते इतरांना वाचून दाखवत, आणि तेही अगदी बरोबर. त्यांनी पदरचं काही घातलं नाही. खोटं होतं ते माझंच होतं.

दोन महिन्यांनी मी मकाला पुरा करून आमचे उस्ताद नजीर साहेब यांच्यापुढे ठेवला. ते मूळचे नांदेडचे, घरी दखनी बोलत आणि माझ्याशी मराठी. मकाला त्यांनी बाजूला सारला आणि माझी वही मागितली. वहीबद्दल त्यांचा एक कडक नियम होता. जे दिसलं ते त्याच दिवशी शाईनं लिहायचं. खोडायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे.

त्यांनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"श्रीपाद, ये लकीर कायको मारे?"

रेघेखाली माझंच अक्षर होतं. 'प आणि फ या अक्षरांच्या वेळी निरांजनाची ज्योत बाहेर झुकली. तीन वेळा.'

मी म्हणालो, "वाऱ्यानं झुकली असेल."

"वारा फक्त प आणि फ ला येतो?" त्यांनी टेबलावरची मेणबत्ती पेटवून माझ्या तोंडापुढे धरली. "बोल. पहिल्या वर्षी काय शिकवलं होतं?"

पहिल्या वर्षी प्रत्येकाला तेच शिकवत. ओठ मिटून सोडायची अक्षरं आली की तोंडातून फुंकर निघते. ज्योतीपुढे उभं राहून, ती न हलवता वाक्य म्हणायचा सराव आम्ही सहा महिने केला होता. मी मेणबत्तीपासून तोंड मागं घेतलं. मेणबत्ती त्यांनीच विझवली.

"तुला माहीत नव्हतं असं सांग. मी मानतो," ते म्हणाले.

मला ते सांगता आलं नाही. मला त्याच दिवशी कळलं होतं. पण श्वास आहे म्हटलं की माणूस आहे, आणि माणूस आहे म्हटलं की माझा 'गूढ आवाज' हा शेवटचा अध्याय गेला. साध्या लबाडीवर पहिला नंबर मिळाला नसता, गूढावर मिळण्यासारखा होता. म्हणून मी रेघ मारली. त्या खोलीत मला लाज वाटली, पण ती उस्तादांसमोर पकडलं गेल्याची होती. खरी लाज अजून पुढे होती.

"तिकडे कागद दिलास?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ते उठून टोपी शोधू लागले.

बोधनपर्यंत रेल्वे, पुढे मोटार, शेवटी बैलगाडी. ताईच्या दारात पोचलो तर तिनं आवाजावरून मला ओळखलं. डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं. उजवा लाल होऊन पाण्यानं भरलेला, पापण्यांवर अंगारा.

"थेंब?" मी विचारलं.

"थेंब बंद केले," ती म्हणाली. "आईनं सांगितलं, परका उपाय टाक. माझं मन होईना. मग यांनी तुझा कागद वाचून दाखवला."

माझे दाजी, रेणुकादास, कचेरीत नोकरीला होते. त्यांना उर्दू उत्तम येत होती. ते खांबाला टेकून उभे होते.

नजीर साहेब म्हणाले, "पोरी, आत्ता दवाखान्यात चल. उजवा अजून वाचेल."

"न्हाई. आईनं सव्वा महिना सांगितलाय, आठ दिवस राहिले. मधीच सोडलं तर उजवापण जाईल म्हणाली." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तूच बघितलंयस की सगळं."

मी तिथंच खरं सांगितलं. तिनं मानलं नाही. तिला वाटलं, डोळा गेलेला बघून मी घाबरलोय आणि काहीबाही बोलतोय. लिहिलेलं खरं आणि बोललेलं खोटं, असं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी नजीर साहेबांना म्हणालो, तुम्ही उघडं पाडा. ते म्हणाले, "मी हात लावला तर गोष्ट चंबूची राहणार नाही, मुसलमानानं देवी बाटवली अशी होईल. आणि लिहिलंस तू. मी मागं उभा राहतो."

मला पाहून गुरुपादप्पा फुलले. "आले आले, हैदराबादचे साहेब! आईनंच वडून आणलं!" त्यांनी पाट मांडला. इंदूताईला दाजींनी हाताला धरून माझ्या शेजारी बसवलं.

मी उभा राहिलो आणि लोकांना म्हणालो, "आज चंबूकडे बघू नका. निरांजनाच्या ज्योतीकडे बघा." मग निरांजन चंबूच्या तोंडाशी अगदी जवळ सरकवलं. अप्पा पुढे यायच्या आत मी विचारलं, "आई, इथं पापी कोण?"

मग आवाज आला, "पापी तू! पाखंडी तू!"

प्रत्येक प ला ज्योत नमस्कार घातल्यासारखी वाकली.

"आणखी कोण, आई?"

"पापी तुझा बाप!"

निरांजन विझलं. मी ते परत पेटवून केवळाबाईंच्या हातात दिलं. त्या पहिल्या रांगेतल्या सत्तरीच्या विधवा, गावात कुणाचं ऐकून न घेणाऱ्या. मी म्हणालो, "मावशी, ज्योतीपुढे पापी म्हणा." त्या म्हणाल्या. ज्योत तशीच वाकली.

"ही फुंकर हाय," केवळाबाई म्हणाल्या. "देवीला दम लागतो व्हय?"

अप्पा ओरडू लागले, "हात झडेल! वंश बुडेल!" मी चंबूच्या तोंडाला तोंड लावलं आणि थेटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला शिकवलेला सगळा आवाज त्यात ओतला.

भिंतीमागून पुरुषाची किंकाळी आली. "मेलो रे अप्पा, कान फुटला!"

मागच्या खोलीत महादेवप्पा नावाचे मौनीबाबा ध्यानाला बसत. बारा वर्षांचं मौन. लोकांनी दार ढकललं तेव्हा ते कान धरून लोळत होते. शेजारी पत्र्याचं नरसाळं, त्यातून गाठी पोखरलेला वेळू भिंतीत गेलेला, सांधे मेणानं बुजवलेले. पलीकडे चंबूचं बूड कापलेलं आणि काप शेंदरानं झाकलेला. बाबा पूर्वी एका नाटक मंडळीत बायकांची कामं करत. घरोघरच्या बातम्या आईला कशा कळत, तेही उघड होतं. सकाळी बाबा विहिरीवर बसत, आणि मौनी माणसापुढे कुणी जीभ आवरत नाही.

गुरुपादप्पा तेवढ्या गोंधळात चंबूगबाळं आवरून पसार झाले. लोक बाबांवर धावले, पण नजीर साहेब आणि दाजी मध्ये पडले. मग केवळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला हे आज कळलं का तवाच?"

"तेव्हाच कळलं होतं, मावशी."

"मग कागद का दिलास?"

सगळं अंगण ऐकत होतं. मी म्हणालो, "परीक्षेत पहिला नंबर यावा म्हणून."

कुणी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. बसलिंगप्पा खाली बघत निघून गेले, आणि एकेक करून बाकीचेही.

इंदूताई त्याच संध्याकाळी गाडीत बसली. नांदेडच्या इस्पितळात तिचा उजवा डोळा वाचला. डावा गेला तो गेलाच. पट्टी सुटली त्या दिवशी मी तिच्या उशाशी बसून माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानं थांबवलं.

"देवीवर माझा अर्धाच विश्वास होता रे," ती म्हणाली. "अर्ध्यावर मी थेंब घालत राहिले असते. उरलेला अर्धा तुझ्यावर होता."



म्हणून ही विनंती, विशेषतः शिकलेल्यांना. गुरुपादप्पा गावोगाव असतात, पण त्यांच्या दारावर कागद लावणारे आपणच असतो. अडाणी माणूस फसतो, कारण त्याला कळत नाही. आपण गप्प बसतो, कारण गप्प बसण्यात आपली सोय असते. चमत्कार सांगणाऱ्याला विचारा, मागची खोली उघडून बघा, आणि देवीनं सांगितलं तरी औषध बंद करू नका. जे दिसलं ते त्याच दिवशी, त्याच जागी, मोठ्यानं सांगा. मी दोन महिन्यांनी सांगितलं. तोवर डोळा थांबला नाही.