डावीकडे ओढणारी होडी

या मायबाप, असे लांब का बसलात? सरका जरा पुढे. वारा फार आहे आणि माझा आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही. एका नावाड्याची गोष्ट सांगतो. खरं म्हणाल तर ती त्याच्या बायकोची आहे, पण बाई गोष्टीत उशिरा बोलते, म्हणून सुरुवात नवऱ्यापासून करू. शेवट गोड आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना धाकधूक सोसत नाही त्यांनाही निर्धास्त ऐकता येईल.

आमच्या धक्क्यावरून पलीकडच्या काठाला माणसं नेणारा हा नावाडी. सगळे त्याला डोंगर म्हणत. देव माणूस घडवताना मूठ मूठ माती घेतो म्हणतात, याच्या वेळी बहुधा घमेलंच उपडं झालं. त्याने होडीत पाय ठेवला की आत बसलेली माणसं न सांगता एकमेकांचे हात धरायची. उजव्या अंगाच्या फळीवर ऐसपैस बसायचं, डाव्या हाताने मागच्या इंजिनाचा दांडा धरायचा आणि गप्पा मारता मारता होडी अशी न्यायची, की पाण्यावर कुणी दोरी धरून रेघ ओढलीय.

मग त्याला पोटाचं दुखणं लागलं. इस्पितळात बरेच दिवस काढून तो घरी आला, पण आला तो अर्धाच. बायकोने सगळे सदरे उसवून आत घेतले, पट्ट्याला नवी भोकं पाडली. मी भेटायला गेलो आणि दारात त्यालाच विचारलं, डोंगर कुठाय म्हणून. तो हसून म्हणाला, "वाहून गेला." जीव वाचला होता, म्हणून थट्टाही गोड लागत होती.

थट्टा संपली ती कामावर परतल्यावर. होडी धक्का सोडून निघाली आणि डावीकडे ओढू लागली. त्याने दांडा दाबून धरला, खांद्याचा जोर लावला, तरी ती हट्टी बैलासारखी डावीकडेच. पलीकडे पोचताना होडी खांबावर आपटली आणि एका आजीची भाजीची पिशवी पाण्यात गेली. आजी रागावली नाही. उलट म्हणाली, आजारातून उठलायस बाबा, होतं असं. त्याला तेच लागलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर तो पोटभर जेवला असता.

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, की हाडांत जोर उरला नाही. लोक जीव आपल्या हातावर टाकून होडीत बसतात. हात भरवशाचा नसताना त्यांना बसवायचं, म्हणजे देवाच्या दारात उभं राहायला तोंड नाही. उद्या इंजिन तपासून घेऊ. त्यात दोष निघाला तर ठीक, नाही तर दांडा दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन आपण मोकळं व्हायचं. बायको म्हणाली, आधी जेवा. तो जेवला नाही.

सकाळी तिने आपल्या भावाला बोलावलं. हा मेहुणा इंजिनं दुरुस्त करणारा. अंगाने चांगला गोल, आणि जिभेवर सतत काहीतरी चालू. येताच म्हणाला, "दाजी, इंजिन बिघडलं की माझी आठवण येते, मटण शिजलं की येत नाही." होडी काठावर ओढली, दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून सरळ उभी केली आणि त्याने कामाला हात घातला. पंख्याची पाती बघितली, एकही वाकलेली नव्हती. दांड्याचा सांधा सोडवला, साफ करून वंगण भरलं. पकडीचे स्क्रू हलवून बघितले, घट्ट होते.

मग त्याची नजर मागच्या आडव्या फळीवर गेली. इंजिनाच्या दोन पकडी तिच्यावर बसलेल्या, आणि उजव्या पकडीखाली लाकडाची एक पाचर. त्यामुळे इंजिन डावीकडे किंचित कललेलं. मेहुण्याने विचारलं, दाजी, ही पाचर काढू का? डोंगर एकदम पुढे झाला. म्हणाला, तिला हात लावू नकोस, इंजिन नवं आणलं तेव्हा मीच ती बसवली, तिच्यामुळेच तर होडी सरळ चालायची. एवढी वर्षं चालली ना? मेहुण्यालाही ते पटलं. वर्षानुवर्षं सरळ चालणाऱ्या गोष्टीत कोण बोट घालणार?

होडी पुन्हा पाण्यात सोडली. आधी डोंगर बसला. पुन्हा तेच, डावीकडे. मग मेहुणा म्हणाला, द्या इकडे. तो फळीवर टेकला, दांडा धरला आणि होडी सुतासारखी सरळ गेली. वळून आली तीही सरळ. मेहुण्याच्या हातात तर एक केळं होतं, ते खाता खाता त्याने ती आणली.

मायबाप, त्या वेळचा डोंगराचा चेहरा मी पाहिलाय. धक्क्याच्या पायरीवर तो मटकन बसला आणि दोन्ही तळहात उलटेसुलटे करून बघत राहिला, जणू ते दुसऱ्याचे कुणी चुकून याला दिले असावेत. म्हणाला, इंजिन चांगलं, होडी चांगली, मेहुण्याच्या हातात सरळ जाते. मग दोष कुणात, हे पुन्हा विचारायला नको. होडी तूच घे बाबा. मेहुण्याने केळ्याची साल खिशात घातली.

इतका वेळ बायको काठावर उभी होती. ती खाली आली आणि भावाला म्हणाली, परत बस. तो बसला. आता उठ, म्हणाली, आणि नवऱ्याला, तुम्ही बसा. डोंगराला वाटलं, बायको थट्टा करतेय. तरी बसला.

"आता दोघंही ऐका," ती म्हणाली. "तुम्ही दोघं हाताकडे बघत होतात, मी होडीच्या काठाकडे बघत होते. हा बसला की उजवा काठ वीतभर खाली जातो आणि इंजिन ताठ उभं राहतं. तुम्ही बसलात की काठ हलत नाही आणि इंजिन वाकडंच राहतं. ती पाचर तुमच्या जुन्या अंगाला बसवलेली आहे हो. मी तुमचे सगळे कपडे आत घेतले, हा एवढा कपडा राहिला."

मग मेहुण्याने जवळच्या बांधकामावरची वाळूची पोती मागून आणली आणि डोंगराच्या शेजारी उजव्या काठाला रचली. डोंगराने दांडा धरला. होडी निघाली आणि सरळ, अगदी सरळ, पलीकडच्या काठाकडे जात राहिली. अर्ध्या वाटेवर पाठमोऱ्या डोंगराचे खांदे हलताना दिसले. आम्हाला वाटलं रडतोय. वळून आला तेव्हा कळलं, हसत होता. पण डोळे ओलेच होते, तेही सांगायला हवं.

पोती काही रोज वाहता येत नाहीत, म्हणून होडी पुन्हा काठावर आली. पाचर काढली तेव्हा तिच्याखाली फळी चेपून खड्डा पडलेला होता. मेहुण्याने तो तासून सपाट केला. इंजिन खाली बसलं तशी उजव्या बाजूची बोल्टांची भोकं जुळेनात. मग जुन्या भोकांत राळ लावून लाकडी खुंट्या ठोकल्या, नवी भोकं पाडली, पाणी मुरू नये म्हणून रबरी चकत्या घातल्या आणि बोल्ट आवळले. बायकोने फळीच्या दोन्ही टोकांपासून दोरीने माप घेऊन इंजिन बरोबर मधोमध आहे ना, ते बघितलं. भावाने म्हटलं, ताई, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, तुझ्यावर आहे, तुझ्या पोटावर नाही, त्याच्यामुळे आज सगळे फसलो. मेहुणा म्हणाला, इतक्या वर्षांत पोट पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं, आणि तुम्ही त्याला नावं ठेवता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला डोंगर एकटाच मागे बसणार होता. पोती नव्हती, मेहुणा नव्हता. आम्ही सगळे होडीत चढलो आणि सवयीने एकमेकांचे हात धरले. त्याने पाय ठेवला, पण होडी डुललीसुद्धा नाही. इंजिन सुरू झालं, धक्का मागे पडला, आणि ती निघाली ती थेट नाकासमोर. दांड्यावर त्याची दोनच बोटं टेकलेली होती. मग त्याने मान माझ्याकडे वळवली आणि इस्पितळातल्या खाटेवर आपले पाय कसे बाहेर लोंबायचे, ते सांगायला लागला. ती गोष्ट लांबलचक आणि अर्धी खोटी होती. आम्ही पलीकडे उतरलो तरी ती संपली नव्हती.

तर मायबाप, संध्याकाळी दिवा लावून हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांसाठी मागालच. त्यांचं मागून झालं, की काठावर उभी राहून नीट बघणारी ती बाईही घटकाभर आठवा.