कोपरीच्या तालमीची माती

मित्रांनो, मी कोपरीच्या तालमीतलं एक जुनं फावडं आहे. गाडीच्या चाकाची झिजलेली लोखंडी धाव तापवून, ठोकून लोहाराने मला घडवलं आणि बाभळीचा दांडा बसवला. पहाटे पैलवान आले की आधी मी कुस्तीच्या हौदात उतरायचो. तांबडी माती उकरून मऊ केल्याशिवाय महिपत वस्ताद कोणाला लंगोट कसू देत नसत.

त्या मातीला तेल, हळद आणि ताक लागे. ताक रंगूबाईंच्या घरचं. रंगूबाई म्हणजे वस्तादांची बायको. वीस वर्षं त्या दर शनिवारी मडकं आणून दाराबाहेर ठेवत आणि परत फिरत. तालमीत बाईमाणसाने यायचं नाही, हा वस्तादांचा नियम होता. मी त्यांचे फक्त पाय पाहिले.

अठराशे एक्याण्णव साली आमच्या जागेतून सडक जाणार असं ठरलं. गावाने आगगाडीच्या रुळांपलीकडे नवी तालीम बांधली. कौलारू छप्पर, दुप्पट मोठा हौद आणि बघणाऱ्यांना बसायला दगडी पायऱ्या. ती पुरी होत असतानाच रंगूबाई तापाने गेल्या. दीड महिना वस्ताद घराबाहेर पडले नाहीत. बांधकाम वस्तादांचा थोरला चेला परशुराम बघत होता. मातीचं विचारलं तर वस्तादांना बायको आठवेल, म्हणून त्याने विचारलंच नाही. मिठागराच्या बांधाची माती जवळ होती, तीच आणून हौद भरला.

पहिल्याच सकाळी खरचटलेली अंगं चरचरू लागली. गुणाजी पैलवान कोपर झटकत बाहेर आला आणि म्हणाला, "परशुरामदादा, यात कुस्ती नको. कैऱ्या आणा, मुरवू." सगळे हसले, पण परशुराम रडकुंडीला आला. दोन दिवसांनी नव्या तालमीची पहिली दंगल होती आणि कल्याणचे मल्ल येणार होते. जुन्या हौदात तर दुसऱ्या दिवशीच सडकेचे दगड पडणार होते.

शेवटी परशुरामाने वस्तादांचं दार वाजवलं. ते रागावले नाहीत. त्यांनी परशुरामाच्या हातातून मला घेतलं आणि म्हणाले, "जुनी माती न्यायची. एक मूठसुद्धा मागे राहता कामा नये. तिची वीस वर्षं आहेत त्यात."

माणसं होती नऊ. बाकीचे कामावर गेलेले. खारी माती उपसण्यातच दुपार झाली. जुन्या हौदात मी इतका चाललो की माझा दांडा तडकला. वस्तादांनी त्यावर सुतळी गुंडाळली आणि पुन्हा घाव घातला. तरी ऊन कलताना अर्धा हौद तसाच होता.

तेवढ्यात गुणाजीची आई रखमाबाई टोपली घेऊन आली. तिच्यामागे कोपरीच्या वीस-पंचवीस बायका. त्यांनी दारातूनच टोपल्या भरून घेतल्या, डोक्यावर चढवल्या आणि रूळ ओलांडून नव्या तालमीशी आल्या. वस्ताद मला घेऊन आधीच तिथे दारात उभे होते. उंबरठ्यापाशी रांग थांबली. आत कोणी पाऊल टाकेना.

रखमाबाई म्हणाली, "वस्ताद, रंगूचं ताक आत गेलं, ती कधी आली नाही. आता तिची माती पण दारातच ठेवून फिरू का?"

वस्तादांनी मला भिंतीला टेकवलं. मग दारातून बाजूला झाले. "आत या," ते म्हणाले. "हौदापर्यंत या. तिला म्हणायचं राहिलं."

दिवेलागणीपर्यंत शेवटची टोपली रिकामी झाली. जुन्या हौदात खडक उघडा पडला होता.

दंगलीच्या दिवशी पायऱ्यांवर तीळ ठेवायला जागा नव्हती. वरच्या दोन पायऱ्या बायकांनी धरल्या होत्या. शेवटची कुस्ती आमच्या दौलतची, कल्याणच्या उत्तमशी. उत्तम अंगाने दीडपट. त्याने दोनदा दौलतला खाली दाबलं. तिसऱ्यांदा दौलतची टाच त्या मऊ मातीत रुतली, तिथेच टिकली, आणि त्याने उत्तमला खांद्यावरून असा आणला की पाठ लागल्याचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत गेला. ढोलकीवाला वाजवायचं विसरून नाचत होता. उत्तमने उठून दौलतला मिठी मारली आणि मूठभर माती हुंगून म्हणाला, "वस्ताद, माती झकास आहे." वस्ताद म्हणाले, "घरची आहे."

मित्रांनो, आता माझं पातं निम्मं उरलंय. काम झाल्यावर मला पुसून कोरड्यात ठेवा, एवढंच मी माझ्यासाठी मागतो. आणि तुमच्या दाराशी कोणी रोज काही ठेवून मुकाट्याने परत जात असेल, तर आजच त्याला आत बोलवा. आमच्याकडे शनिवारी ताक घेऊन आता रखमाबाई येते. मडकं ती स्वतः हौदात रिकामं करते, आणि वस्ताद मला घेऊन तिच्या मागोमाग माती कालवतात.