मोज्यांची तोफ

मी मोज्यांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. डाव्या आणि उजव्या मोज्यात काहीही फरक नसतो हे मला तिथे कळलं. तरीही जोड्या लावायला माणूस लागतं, म्हणून मला नोकरी मिळाली. पूर्ण नाही. सहा महिने 'बघू' म्हणून ठेवलं होतं, आणि ते बघणं या महिन्यात संपणार होतं.

कारखान्याच्या खेळांच्या दिवशी प्रेक्षकांना मोजे वाटतात. आमच्या सुपरवायझर मॅडम पहिल्या दोन रांगांत वाटतात आणि दमतात. मागच्या रांगांनी आजवर मोजे फक्त लांबून पाहिलेत. यंदाच्या बैठकीत मी, तोंड बंद ठेवायची सोय असताना, म्हणाले, "मॅडम, हवेच्या तोफेनं उडवले तर?"

"कुणाला?" शिलाई विभागातल्या मावशींनी घाबरून विचारलं.

"मोज्यांना."

मॅडमनी चष्मा काढला. "शेवटच्या रांगेपर्यंत जातील?"

"जातील की," मी म्हणाले. मला सायकलच्या चाकातही धड हवा भरता येत नाही, पण तसं कुणी विचारलं नव्हतं.

"गेले, तर तुझं कायम झाल्याचं पत्र मी स्वतः टाइप करते." मॅडम दोन बोटांनी टाइप करतात, त्यामुळे हा शब्द साधासुधा नव्हता.

मी थेट मामाकडे गेले. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, धंद्यानं प्लंबर. लोक देवासमोर हात जोडतात तसे त्याचे हात कुठलाही नळ दिसला की आपोआप पुढे जातात. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हसला नाही, आणि गच्चीवरून एक जाड प्लॅस्टिकचा पाइप काढून दिला. शिवाय एक व्हॉल्व्ह, पाइप चिकटवायच्या गमचा डबा आणि स्वतःचे तीन रविवार. जाड पाइपात हवा साठवायची, पुढे बारीक पाइप म्हणजे नळी, मध्ये व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह झटकन उघडला की मोजा सुटला. आईनं तोफ पाहून एवढंच विचारलं, "दादा, हिला लहानपणी बाहुली घेऊन दिली असतीस तर?"

"दिली होती," मामा म्हणाला. "हिनं तिला नळ बसवला."

शनिवारी सकाळी गम वाळला. खेळ दुसऱ्या दिवशी चार वाजता. मामा दुपारी येणार होता आणि जाताना बजावून गेला होता, मी आल्याशिवाय हवा भरायची नाही. मी भरली, सायकलच्या पंपानं. थोडीच. दाबाच्या मीटरचा काटा चाळीसवर गेला. हवा कुठून सुटतेय का हे कळावं म्हणून मी पाइपाला कान लावून पाच मिनिटं बसले. काहीच ऐकू आलं नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मग हवा सोडून दिली आणि सभ्य चेहरा करून बसले.

दुपारी मामा आला तो हातपंप आणि पाण्याची बादली घेऊन.

"पाणी कशाला?"

"तपासायला. आधी काठोकाठ पाणी भरायचं, मग पंपानं दाब द्यायचा."

"मामा, ही हवेची तोफ आहे. आपण काय प्रेक्षकांना आंघोळ घालणार आहोत?"

"भाचीबाई, पाण्यानं पाइप फुटला तर माणूस भिजतं. हवेनं फुटला तर माणूस शोधावं लागतं."

"तुझाच पाइप आहे. तुझाच विश्वास नाही?"

"माझा आहे म्हणूनच नाही. दोन वर्षं गच्चीवर उन्हात पडला होता."

भिजलेली तोफ उद्यापर्यंत वाळणार कशी, म्हणून मी हुज्जत घालत राहिले. मामा पाणी ओतत राहिला. मग तो पंप मारू लागला आणि मी काटा वाचू लागले. वीस. पंचवीस. तीस. पस्तीसला 'टक्' असा आवाज झाला, पेन्सिल मोडल्यासारखा. पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा चिरला आणि सगळं पाणी माझ्या चपलांवर आलं. बस, एवढंच.

मामानं चिरेवरून बोट फिरवलं. "उन्हानं पार पापड झालाय. प्लॅस्टिकात हवा भरायचीच नाही, चुकलं माझं. आणि पस्तीसलाच गेला बघ."

मी खाली बसले. ओल्यातच बसले.

"काय गं? नोकरीचं वाईट वाटतंय?"

"सकाळी मी चाळीसपर्यंत हवा भरली होती. कान लावून बसले होते. पाच मिनिटं."

"म्हणजे आतून सकाळीच तडकला होता," मामा म्हणाला. त्यानं बादली उलटी केली आणि तिच्यावर बसला. नंतर पुष्कळ वेळ तो माझ्या डोक्याच्या डाव्या बाजूकडे पाहत राहिला, नीट बसलंय ना हे बघावं तसं. चौथ्या मजल्याच्या बाहेर लोंबकळून पाइप जोडणारा माणूस तो, पण पंप त्यानं पायानंच माझ्यापासून लांब सरकवला.

"मामा, थँक्यू."

"कशाचं? तोफ तर फुटली." मग बादलीवरून उठत, "परत असं करशील तर मीच मारीन तुला," आणि मला जवळ ओढलं. आमच्या घरात याच्यापुढे कुणी जात नाही.

रविवारी मी चिरलेला पाइप घेऊन मॅडमसमोर उभी राहिले. मामा सोबत होता. मी सगळं सांगितलं, चाळीसही. मॅडमनी चिरेत बोट घातलं. त्यांनी मोज्यांना वाफेची इस्त्री करणाऱ्या प्रेस विभागातल्या काकांना हाक मारली.

"आपल्या वाफेच्या टाकीचा दाब शेवटचा कधी तपासला?"

काकांनी आठवून पाहिलं. "तपासतात?"

मॅडम टाकीजवळ जोड्या लावणाऱ्या अकरा बायकांची नावं पुटपुटल्या. त्यातलं चौथं नाव माझं होतं. मी रोज त्या टाकीशेजारी बसते हे मलाही त्याच क्षणी समजलं.

त्या दिवशी मोजे नेहमीसारखे दोनच रांगांना मिळाले. मागच्या लोकांनी मला नावं ठेवली आणि ती मी आनंदानं घेतली. मंगळवारी प्रेस बंद ठेवली. मामानं टाकी पाण्यानं भरून तपासली, तर तळाच्या सांध्यातून पाणी ठिबकलं. टाकी दुरुस्तीला गेली. आता दर महिन्याला तपासणी आणि तिची वही माझ्याकडे, असं मॅडमनी ठरवलं.

"म्हणजे माझं कायम झालं?"

"इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही, ते तुझ्या मूर्खपणानं सुचलं," मॅडम म्हणाल्या. "मूर्खपणाबद्दल मेमो देणार आहे. पण आधी पत्र. बसा दोघं."

आम्ही बसलो. एक बोट, मग दुसरं बोट. मध्ये मॅडम एखादं अक्षर शोधायला थांबायच्या. पाऊण तास लागला. मामा भिंतीला टेकून झोपून गेला, आणि मी इतका वेळ गप्प बसायची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ.