पुढची सीट

बेखानी जोहान्सबर्गच्या इस्पितळात वारला. प्रेत गावी, नोंगोमाला आणून पुरलं, पण आत्मा अजून त्या खाटेपाशीच घुटमळत असणार. त्याला आणायला धाकट्या भावानं, म्झिकायिसेनंच जायचं, असं घरात ठरलं. आत्मा रानबोरीच्या फांदीवर बसून येतो, म्हणून त्यानं खाटेला तशी फांदी टेकवली आणि म्हणाला, "दादा, चल, घरी जाऊ." फांदी पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवून वर पट्टाही लावला. नियम साधाच. वाटेत बोलायचं ते फक्त मेलेल्याशी, आणि नदी आली, थांबलो, निघालो, सगळं त्याला सांगायचं. न सांगता निघालं की तो मागे राहतो.

म्झिकायिसेला मुळात टोचणी होतीच. मागच्या नाताळात याच भावानं गावापर्यंत लिफ्ट मागितली होती. "सोफा नेतोय रे, जागा कुठाय?" म्हणून यानं टाळलं. काय म्हणावं या माणसाला, सोफ्यापायी सख्खा भाऊ टाळला! त्यानंतर बेखानी जिवंत घरी आलाच नाही.

म्हणून आता वाटभर जीभ सैल. "दादा, वाल नदी आली बघ. दादा, पाय आखडले असतील, जरा थांबू."

वाटेत फ्राइहाइड गावच्या पेट्रोल पंपावर जुना दोस्त भेटला. फुटबॉलचा विषय निघाला, आणि इतरांपुढे मिटलेलं तोंड उघडलं ते मिटेना. हसत हसतच म्झिकायिसे गाडीत बसला आणि निघाला.

नोंगोमाला अंगणात पाहुणे जमले होते, बकरी बांधलेली होती. आईनं फांदी पाहिली. "सगळीकडे सांगत आलास ना?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. "पंपावर विसरलो, आई."

आई ओरडली नाही. "मग तिथंच उभा असेल. तुझ्या गाडीची वाट बघायची सवय आहे त्याला."

म्हणजे तिला ठाऊक होतं. म्झिकायिसेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाणीसुद्धा न पिता त्यानं गाडी वळवली.

पंपावर तो फांदी धरून उभा राहिला. लोक बघत होते, बघू देत. "दादा, चुकलो. तेव्हाही आणि आजही." दादा आला की नाही, कळायचं कसं? त्यानं पुढचं दार उघडून धरलं. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

"रुसायचं तर रुस, दादा," तो रडत म्हणाला, "पण गाडीत बसून रुस."