रेडिओची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, केस कापायच्या दुकानातली. माझा पाया ओतीव लोखंडाचा, बैठक तपकिरी रेक्झिनची. कारखान्यातून मला एका तरुण कारागिराने आपल्या नव्या दुकानासाठी आणले. त्याने मला ओल्या फडक्याने पुसले, गोल फिरवून पाहिले आणि बायकोला म्हणाला, "हिच्यावर साहेबही बसेल आणि हमालही."

तसेच झाले. तो इतका बोलायचा की गिऱ्हाईकांनी त्याचे नावच रेडिओ ठेवले. कात्री आणि जीभ बरोबरीने चाले. रडके पोर बसले की तो कोंबड्याचा, बोकडाचा आवाज काढी. केस वाढायच्या आधीच माणसे येत. माझेही कौतुक होई. पाठ टेकली की डोळे मिटतात, असे म्हणत.

मग तो हळूहळू गप्प होत गेला. घरात कुणी गेले नव्हते, धंदा बसला नव्हता, कुणाशी भांडण नव्हते. आधी कोंबडा-बोकड थांबले, मग गप्पा. कानामागचे केस तसेच राहू लागले. दुपारी तो हातात झाडू घेऊन जमिनीवरच्या केसांकडे बघत उभा राही. झाडणे काही होत नसे.

गिऱ्हाईकांनी आधी थट्टा केली, आज स्टेशन लागत नाही का म्हणून. मग उपदेश सुरू झाले. कुणी म्हणे फिरून ये, कुणी म्हणे मन घट्ट कर, कुणी म्हणे खाऊनपिऊन सुखी माणसाला कसले आले दुःख. तो नुसती मान डोलावी.

एका सकाळी शटर उघडलेच नाही. माझ्यावर धूळ साचली, रेक्झिनला भेगा पडल्या. मागच्या गल्लीत एक आजोबा अंथरुणाला खिळले होते. त्यांची दाढी तो घरी जाऊन करी, तीही राहिली. एक माणूस आतून खचला, की त्याच्या आधाराने चाललेली किती कामे खोळंबतात!

बऱ्याच महिन्यांनी शटर वर गेले. आली ती त्याची बायको. चूल थंड पडू नये म्हणून तिने कात्री हातात घेतली होती. माणसे डोकावून निघून जात. शेवटी एक बसचालक काका येऊन माझ्यात बसले. त्यांनी कारागिराची चौकशी केली. आजवर ती सगळ्यांना सांगत आली होती, की त्याची कंबर धरली आहे. या वेळी तिचा हात थांबला.

"कंबर नाही काका," ती म्हणाली. "मन आजारी आहे त्यांचं. उठवतच नाही त्यांना. डॉक्टरांचं औषध चालू केलंय."

काकांनी आरशातून तिच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "मलाही झालं होतं. गाडी रोज चालवायचो, कुणाला कळलं नाही. घरी आलो की भिंतीकडे तोंड करून पडायचो. माझी मुलगी तेव्हाच बोलायला लागली. तिचा पहिला शब्द कोणता, ते मला ठाऊक नाही."

तिने डोळे पुसले आणि पुन्हा कात्री चालवली. पण कंबरेचे कारण तिने परत कुणाला दिले नाही. मग एकेक जण बोलू लागला. बँकेतला कारकून हळू आवाजात बोलला. सुताराने आपल्या भावाचे नाव घेतले आणि तो मध्येच थांबला. तो भाऊ आता नव्हता. एवढ्याशा रस्त्यावर इतकी माणसे! माझ्यात डोळे मिटून बसणारे सगळेच काही झोपत नव्हते.

एक दिवस ती नवऱ्यालाही घेऊन आली. दाढी छातीपर्यंत वाढलेली. इतक्या वर्षांत तो प्रथमच माझ्यात बसला, आणि मला तो फार हलका लागला. तिने आधी कात्रीने दाढी कापली, मग फेस लावला, वस्तरा फिरवला. एक गाल झाला तेव्हा तो म्हणाला, "आज एवढंच. पुढचं नाही झेपणार."

"बरं," ती म्हणाली, आणि फेस पुसला.

वाट पाहणाऱ्यांपैकी कुणी हसले नाही, कुणी उपदेश केला नाही. बसचालक काका उठले आणि त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत गेले.

मित्रांनो, तुमच्या घरात, वर्गात कुणी असे गप्प होत गेले, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याच्याजवळ बसा. मोठ्यांना सांगा, त्याला डॉक्टरांकडे न्यायला लावा. आणि तुम्हालाच तसे वाटले, तर लपवू नका.

आमचा रेडिओ अजून पुन्हा आलेला नाही. रोज दुकान उघडले की ती आधी मला पुसते, आणि त्याच्यासाठी थोडा वेळ मला रिकामीच ठेवते.