उन्हात न वाळलेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. जुना म्हणालो खरा, पण माझं वय महिनाभराचंही नाही. या थोड्या दिवसांत मी जे भोगलं, त्यानंच म्हातारा झालो. कमरेला लावतात तो पट्टा मी नव्हे. मी पोटापासून मांड्यांपर्यंत घट्ट बसणारा, पुढून हुकांचा. ऑपरेशननंतर सूज उतरावी म्हणून डॉक्टर मला घालायला देतात. आवळून धरणं एवढंच मला येतं, आणि त्याचा मला मोठा तोरा होता.

अकोल्याच्या एका दवाखान्यात मी रागिणीच्या अंगावर चढलो. रागिणी म्हणजे वलगावातल्या फुलं विकणाऱ्या घरची सून. डॉक्टरांनी बारीक नळीनं तिच्या पोटावरची चरबी ओढून काढली होती आणि त्यातली थोडी तिच्या बसलेल्या गालांत भरली होती. घरी सोडताना त्यांनी बजावलं, "पट्टा रोज धुवायचा, उन्हात खडखडीत वाळवायचा. ताप आला तर त्याच दिवशी इथे यायचं."

पण रागिणी घरी मावशीकडे जाते म्हणून सांगून आली होती. खरं कसं सांगणार? सासू पार्बताबाई तिला चारचौघांत 'ढोली' म्हणून हाक मारायच्या. नवरा मनोज म्हणायचा, "ढोलीचा फोटो काढाले मोबाईल आडवा धरा लागते!" सगळे हसायचे, तीही हसायची. ती परतली तेव्हा तिचे गाल पाहून पार्बताबाई म्हणाल्या, "मावशीनं लय खाऊ घातलं वाटते ढोलीले!"

मग माझे हाल सुरू झाले. अंगणातल्या दोरीवर मला टाकलं तर सासू विचारणार. म्हणून रागिणी मला गुपचूप धुवायची आणि फुलांच्या खोलीत, ओल्या गोणपाटामागे, टॉवेलखाली लपवायची. तिथे झेंडू ओला, शेवंती ओली, भिंतसुद्धा ओली. मी कधी वाळलोच नाही. तसाच दमट, आंबूस वासाचा मी रोज तिच्या जखमांवर बसायचो.

मित्रांनो, तिचा ताप सगळ्यांत आधी मला कळला. बेंबीखालच्या जखमेतून पू झिरपून माझ्यात मुरू लागला. मी आतल्या आत ओरडत होतो, बाई गं, मला सोड, कुणाला तरी सांग! तिला वाटलं, दुखतंय म्हणजे पोट आत जातंय. तिनं दात-ओठ खाऊन मला आणखी एक हूक आवळलं. मला सैल व्हायचं होतं आणि होता येत नव्हतं. त्या घटकेला मला स्वतःची किळस आली.

आज सकाळी हार गुंफता गुंफता ती फुलांच्या ढिगावरच कोसळली. पार्बताबाई आधी चिडल्या, "कामाच्या टायमाले झोपून काहून राहिली वं?" मग त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि त्या हबकल्या. साडी सैल केली तेव्हा मी दिसलो. वासानं त्यांनी पदर नाकाला लावला. "हे काय वं माय!" मनोजनं रिक्षातल्या फुलांच्या टोपल्या रस्त्यावरच उतरवल्या आणि आम्ही अमरावतीला निघालो.

इथे नर्सनं मला कात्रीनं कापून काढलं. डॉक्टर म्हणाले, चरबी काढल्याच्या जखमेत ओल्या पट्ट्यानं पू झालाय, विष रक्तात गेलंय, फार उशीर केलात. स्ट्रेचर आत नेताना पार्बताबाई सुनेचा हात सोडेनात.

"काहून नाही सांगतलं वं मले?"

रागिणी कशीबशी बोलली, "तुमी हासल्या असत्या, आई."

"हासली असती वं," पार्बताबाई रडत म्हणाल्या. "एक दिवस हासली असती. दुसऱ्या दिवशी पट्टा धुऊन उन्हात वाळू घातला असता तुया."

दार लागलं. नर्सनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलेला मी आता पार्बताबाईंच्या मांडीवर आहे. आतून कुणी आलं की त्या उठतात, आणि काही न विचारता पुन्हा बसतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याला सगळे हसतात आणि जो स्वतःही हसतो. त्याला तेवढं हसू येत नसतं. आजच त्याच्याजवळ जाऊन बसा. मी तर कापला गेलो, माझं जाऊ द्या. ती पोर वाचू दे.